पंधरा दिवसांची केसरबाई

दिपकची थोरली पोरगी दीक्षा हिचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. वऱ्हाड पांगलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केसरबाई न्हाणीत घसरून कोपरावर आपटल्या. हाड शाबूत राहिलं, पण दिपकला निमित्त मिळालं. तो पुण्याला नोकरीत. वडील गेल्यापासून आईला तिकडं न्यायचं त्याच्या मनात होतंच.

"आता बास झालं आई. ह्या खेपेला तू माझ्याबरोबर येणार."

"मी न्हाय येत. ह्या घराच्या कागदावर माजं नाव हाय. चाळीस वर्सं बिड्या वळल्या, तवा कुटं ह्यो उंबरा गावलाय."

कुंभारीतली ती घरकुलं विडी कामगार बायकांचीच. केसरबाईंनी पन्नाशी उलटल्यावर अक्षरं गिरवली होती आणि वाचता येऊ लागल्यावर पहिल्यांदा वाचलं ते घराच्या कागदावरचं स्वतःचं नाव. तेव्हापासून त्या घर सोडून कुठं फार रमत नव्हत्या.

तोड काढली दीक्षाच्या मैत्रिणीनं. संघप्रिया तिचं नाव. सोलापुरात विद्यापीठात ती संगणकाचं संशोधन करायची. घरातल्या रोजच्या वस्तूंना बारीक यंत्रं बसवायची आणि त्यांवरून म्हाताऱ्या माणसाची तब्येत ओळखायची, असा तिचा विषय. कुंभारीतल्या अकरा घरांत तिनं हे बसवलंही होतं. बारावं घर केसरबाईंचं ठरलं. महिनाभर पाहायचं, घरानं सगळं ठीक सांगितलं तर केसरबाई इथंच, नाहीतर पुणं.

"संगणक ठेवणार कुटं? माज्याकडं टेबल न्हाय," केसरबाई म्हणाल्या.

"तो दिसणारच नाही आजी. गादीखाली एक पट्टी, औषधाच्या डबीला एक, माठाला एक, संडासाच्या दाराला एक. कॅमेरा नाही, आवाजही ऐकत नाही. पण घर तुमच्यावर लक्ष ठेवील."

"म्हंजे भूतच की."

"आपल्यात भूत मानत नाहीत, आजी."

"मानत न्हाय. पर तूच आणून बसवलंस तर काय करू?"

संघप्रिया हसली. मग तिनं नीट समजावलं. पहिले पंधरा दिवस घर केसरबाईंच्या सवयी शिकणार. त्या कधी उठतात, कधी पाणी पितात, औषध कधी घेतात. त्यानंतर काही वेगळं घडलं की आधी शेजारी बाळाबाईचा फोन वाजणार, आणि मोठं काही असलं तर पुण्याला दिपकचा आणि विद्यापीठात संघप्रियाचाही.

"तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा," एवढं सांगून ती गेली.

आता, विद्यापीठ घरात येऊन बसलंय म्हटल्यावर कोण नेहमीसारखं वागेल? केसरबाईंनी पहिल्यांदा घर सारवल्यासारखं लख्ख पुसलं. पलंगावर धुतलेली सोलापुरी चादर घातली. हा पलंग दिपक आल्यावर त्याला निजायला. एरवी त्यावर कपड्यांचा ढीग असायचा आणि केसरबाई खाली गोधडीवर निजायच्या. पण पाहुण्यांपुढं जमिनीवर निजणं बरं दिसेना. त्या पलंगावर चढल्या. कुशीवर वळायचीही त्यांना चोरी वाटायची.

रक्तदाबाचं औषध ठोक्याला आठ वाजता. जेवण वेळेवर. बाळाबाईच्या पायरीवर गप्पा हाणत बसणं बंद. "लोकांना वाटंल, म्हातारीला दुसरं काम न्हाय." संडासाच्या दाराची पट्टी तर त्यांना फारच लागली. आपण किती वेळा गेलो हे शिकलेल्या माणसांनी वाचावं? त्यांनी दुपारचं जेवण झालं की पाणीच तोडलं.

सोळाव्या दिवशी संघप्रियाचा फोन आला. "आजी, झालं. घर शिकलं."

केसरबाईंनी हुश्श केलं. परीक्षा दिली, पेपर गोळा झाला, आता कोण बघतंय? त्यांनी गादीवर कपड्यांचा ढीग रचला, गोधडी खाली टाकली, तांब्याभर पाणी पोटात रिचवलं आणि बाळाबाईच्या पायरीवर जाऊन बसल्या. गोळ्या रोज डबीतून काढायचा वैताग नको म्हणून आठवड्याच्या एकदम काढून कनवटीला बांधल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाळाबाईचा फोन बोलायला लागला. "केसरबाई पलंगावर आल्या नाहीत." बाळाबाई धावत आली.

"अक्का, हाय का न्हाय?"

"हाय की! का गं?"

"फोन म्हणतोय तुमी पलंगावर न्हाय."

"पलंगावर कापडं हायत. कापडांनी कुटं जावं?"

बाळाबाई परतली तोवर दुसरा निरोप. "केसरबाईंनी औषध घेतलेलं नाही." पुन्हा तिसरा. "केसरबाई पाणी प्यायल्या नाहीत." त्या वेळी केसरबाई बाळाबाईच्याच तांब्यानं पाणी पीत होत्या.

"अक्का, माज्या घरात पाणी पिताना तुमी तहानलेल्या कशा?"

"त्या मशीनला इचार की. मला काय इचारतीस?"

तिसऱ्या दिवशी यंत्रानं शेवटचा निरोप धाडला: "वागणुकीत मोठा बदल. तातडीनं पाहावं." तो वाचून पुण्याला दिपकच्या हातातला चहा तसाच राहिला. पलंग सोडलेला, औषध बंद, पाणी बंद, आईचं डोकं फिरलं की काय! तो गाडी काढून दुपारी दोनला दारात हजर. संघप्रियाही विद्यापीठातून आली होती.

दिपक आईपुढं उकिडवा बसला आणि सावकाश, मोठ्यानं विचारू लागला, "आई, मला ओळखलंस का? माझं नाव काय?"

"दिपक. पाळण्यातलं सांगू का, ह्या पोरीच्या देखत?"

"नको!"

"मग वरडतोस कशाला? पडले ते कोपरावर, कानावर न्हाय."

पण दिपक ऐकेना. त्यानं बॅग काढली आणि आईची लुगडी भरायला सुरुवात केली. संघप्रियानं आपला संगणक उघडून केसरबाईंना दाखवला. एकीकडं पंधरा दिवसांच्या सरळ रेघा, दुसरीकडं तीन दिवसांचा गुंता.

"आजी, ही दोन वेगळी माणसं वाटतात. मला भीती वाटते. तुम्हाला काय होतंय?"

केसरबाईंनी बॅगेकडं पाहिलं. खरं बोलावं तर विद्यापीठापुढं लाज, खोटं बोलावं तर उंबरा जातोय. त्यांनी पदर सावरला.

"पोरी, दोन येगळीच माणसं हायत. ती पंधरा दिसांची बाई मी न्हवंच. तू बघायला बसलीस म्हणून मी शानी झाले हुते. ही गुंत्याची बाई हाय ना, ती खरी केसर."

दाराशी उभी बाळाबाई पदरात तोंड घालून हसायला लागली.

संघप्रिया मात्र हसली नाही. ती मटकन पलंगावर, कपड्यांच्या ढिगावरच बसली. "अकरा घरांचंही असंच असणार. सगळे म्हातारे वेळेवर निजतात, वेळेवर औषध घेतात. आमचे सर म्हणाले, कुंभारी म्हणजे आदर्श गाव आहे!"

"आदर्श कसलं? शेजारचा प्रभुलिंग सकाळी घोरतोय आणि रातच्याला पिच्चर बघतोय. तुज्या मशीनपुढं त्यो बी हात जोडून निजला असंल."

दुसरी एखादी हुशार मुलगी रडली असती, नाहीतर यंत्रावर खापर फोडून मोकळी झाली असती. संघप्रियानं वही काढली आणि चुकलं कुठं ते पहिल्यापासून लिहायला घेतलं. पलंग खोटा, डबी खोटी, माठ खोटा. लिहिता लिहिता तिचं बोट संडासाच्या दाराच्या रेघेवर थांबलं.

"आजी, ह्या तीन दिवसांत रात्री सात-सात वेळा उठलाय. हेही खोटं?"

"न्हाय. ते खरं. वय झाल्यावर उटावं लागतंच की."

"आणि पाणी?"

"लई लागतं. त्या पंधरा दिसांत जीव नुसता सुकला हुता बघ."

संघप्रियानं आपल्या पिशवीतून साखर तपासायचं यंत्र काढलं. बोटाला टोचलं, थेंब टेकवला. आकडा आला तीनशे बेचाळीस. केसरबाईंना मधुमेह आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यांनासुद्धा.

"बघ!" दिपक उसळला. "म्हणून म्हणतोय, पुण्याला चल."

"दिपक, जानेवारीपासनं मी दोन म्हैने तुज्याकडं हुते. तवाबी सात डाव उटत हुते. तुज्या खोलीवरनंच जात हुते." केसरबाई शांतपणे म्हणाल्या. "कुणाला कळलं का?"

दिपकनं बॅगेतली लुगडी एकेक करून परत काढली. घड्या त्याला जमल्या नाहीत, तरी त्यानं त्या घातल्या. जाताना तो संघप्रियाला म्हणाला, "ताई, तुमचं काम लई मोठं आहे. आईला सांभाळा."

"मी नाही, घर सांभाळेल," ती म्हणाली. "पुन्हा शिकवू त्याला. ह्या वेळी खरं."

संघप्रियानं मग बाराही घरांचे पहिले पंधरा दिवस सरळ टाकून दिले. तिच्या प्रबंधात त्यांना 'पाहुणचाराचे दिवस' असं नाव आहे, आणि आता तिच्या विभागात कुठलंही यंत्र बसवलं की ते दिवस सोडूनच मोजतात. प्रबंधात माणसांची नावं घालता येत नाहीत, म्हणून केसरबाई तिथं 'घर क्रमांक बारा' आहेत. बाळाबाईचा फोन पुढं महिना-महिना गप्प राहायचा, आणि केसरबाईंची साखर औषधानं ताब्यात राहिली.

केसरबाई मंगळवारी, ११ मार्च २०२५ रोजी दुपारी, कुंभारीत आपल्या घरी वारल्या.