सोबत कोण आलंय?

आजार रोग्याला होतो, पण तो डॉक्टरांना सांगण्याचा मान सोबत आलेल्याचा असतो. रत्नागिरीत डॉक्टर दमयंतीबाईंचा दवाखाना याच तत्त्वावर वर्षानुवर्षे सुरळीत चालला होता. रोग्याने जीभ फक्त दाखवायची, चालवायची ती सोबत्याने.

२००३ साली बाई मुंबईला एका शिबिराला जाऊन आल्या. विषय होता : कोवळ्या वयातल्या प्रेमसंबंधांतली मारहाण आणि डॉक्टरांचे कर्तव्य. मुलीला एकटीला आत घ्यावे, दार लावावे, विश्वासात घेऊन विचारावे, असे तिथे शिकवले. (जेवणही उत्तम होते.) परतताना बाईंनी शांतपणे विचार केला. आपल्या तालुक्यात अठराच्या आतली प्रेमप्रकरणे शून्य. ही आकडेवारी खुद्द पालकांची. शून्यातली मारहाणही शून्यच. तरी शिकलेले वाया का घालवा? मात्र मुलीला एकटीला आत घेतले की बाहेरचे लोक भलतेसलते समजतात. म्हणून बाईंनी एवढीच सुधारणा केली, की असले नाजूक प्रश्न जबाबदार सोबत्यासमोर, आणि शक्यतो त्यालाच विचारायचे.

पहिली आली मिरजोळ्याची वैष्णवी, अकरावीतली. मनगट सुजून टम्म. सोबत तिच्या कॉलेजातला निलेश. त्यानेच तिला मोटारसायकलवरून आणले, नंबर लावला, तिची पर्ससुद्धा स्वतःकडे ठेवली. इतका काळजीवाहू मुलगा बाईंनी आजवर पाहिला नव्हता.

"हिला कोणी त्रास देतं का रे?" बाईंनी मायेने विचारले.

"नाय हो बाई. शेवाळावरनं घसरली."

मे महिना होता, विहिरी आटल्या होत्या. पण कोकणात शेवाळ नाही असे कसे म्हणणार? वैष्णवीने काही सांगायला तोंड उघडले, तेव्हा बाईंनी त्यात थर्मामीटर ठेवला.

पुढे ती गालावर घसरली, मग पाठीवर. बाईंनी उपचार वाढवले. अंगणात टाकायला ब्लीचिंग पावडर लिहून दिली आणि निलेशला बजावले, "हिला एकटीला सोडू नकोस. कुठे जाते, कुणाशी बोलते, लक्ष ठेव." निलेशने शब्द दिला, आणि तो पाळलाही.

त्यानंतरच्या खेपेला रस्त्यात आडवी लावलेली मोटारसायकल हलवायला निलेश बाहेर गेला. वैष्णवीने बाईंचा हात घट्ट धरला.

"बाई, मी घसरत नाय. यानंच मारलान. काल गळा धरलान माझा. आज मला त्याच्याबरोबर पाठवू नका."

बाहेरच्या बाकावरच्या माणसांनी कान टवकारले. आणि दवाखान्याच्या इतिहासात प्रथमच बाईंनी सोबत्याला सोडून थेट रोग्याला प्रश्न विचारला :

"पण बाळा, असल्या मुलाबरोबर तू फिरायला गेलीसच कशाला?"

अख्ख्या बाकाने माना डोलावल्या. वैष्णवीने हात सोडला.

हाच प्रश्न ज्या वाचकांच्या मनात बाईंच्याही आधी येऊन गेला, त्यांनी कृपया दारातून जरा बाजूला व्हावे. निलेश हॉर्न वाजवतो आहे, आणि तिला बाहेर पडायला वाट हवी आहे.