बसमधून आलेली चार मिनिटं

"धावणारं घड्याळ हळू चालतं, हे तू मला शिकवतेस? चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय मी," घड्याळजी म्हणाले. "हळू चालतं ते घड्याळ बिघडलेलं. पुरावा दाखव, पुरावा!"

त्यांची मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. विमानातून घड्याळं फिरवून केलेले सापेक्षतेचे प्रयोग तिने सांगून पाहिले, पण "तू बघितलंस?" या प्रश्नावर तिचं घोडं अडलं. शेवटी वडिलांनीच पैज मारली. दोन सारखी घड्याळं ते स्वतः साफ करून जुळवणार. एक दुकानात राहणार, दुसरं बस चालवणाऱ्या जावयाच्या मनगटावर. आठ दिवसांत बसमधलं मागे पडलं, तर वर्षभर टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन ते निमूटपणे करून घेणार. बसच्या एवढ्याशा वेगाने घड्याळात काही फरक दिसत नसतो, हे ती सांगणार इतक्यात जावई घड्याळ बांधून ड्यूटीवर गेलासुद्धा.

आठ दिवसांनी ते चक्क चार मिनिटं मागे होतं.

घड्याळजी हरले खरे, पण नवं ज्ञान त्यांच्या पोटात मावेना. दुपारी पोस्टमन तक्रार घेऊन आला. "परवाच दुरुस्त केलंत, तरी मागे पडतंय."

"सायकलवर फिरता ना दिवसभर? मग पडणारच! जरा सावकाश चालवत जा."

मुलीने कपाळावर हात मारून घेतला. "बाबा, हा पुरावा नाही. बसमुळे पडणारा फरक इतका बारीक असतो, की तुमच्या कुठल्याच घड्याळात दिसायचा नाही."

"मग माझी चार मिनिटं गेली कुठे?"

त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं. ती त्यांच्या खांद्यावरून वाकली. आतल्या नाजूक स्प्रिंगला चिकटलेला कापसाचा तंतू तिला नुसत्या डोळ्यांनी दिसला. वडिलांचा चिमटा त्याच्या शेजारून दोनदा गेला.

"आत सगळं लख्ख," ते म्हणाले. "माझ्या हाताखालून गेलेलं घड्याळ आहे! म्हणजे धावल्यामुळेच. दुसरं काही कारण असलं तर सांग."

उत्तरपत्रिकेत चुकीला अर्धा गुणही न देणाऱ्या बाईने तंतूवरून नजर काढून घेतली.

"दुसरं काय असणार, बाबा! सोमवारी जायचं ना डॉक्टरांकडे?"

"शब्द म्हणजे शब्द. आणि डोळे नीट झाले की पहिलं हेच उघडून बघणार आहे मी."

त्यांनी झाकण बसवलं मात्र, तिने घड्याळ उचलून पर्समध्ये टाकलं.

"हे आता शाळेत राहील," ती घाईघाईने म्हणाली. "पुरावा आहे तो!"