गोधडीसाठी बाई पाहिजे

गोधडी पुरी करणं म्हणजे काय हो मोठंसं! उभी नोकरी मी नकाशे काढण्यात घालवली. इमारतींचे, पुलांचे, एकदा तर आख्ख्या बंदराचे! केसाएवढी रेघ मारावी तर यांनीच, असं ऑफिसात म्हणायचे. म्हणजे मीच म्हणायचो आणि बाकीचे ऐकून घ्यायचे. त्यामुळे ही गेल्यावर तिची अर्धवट गोधडी खुर्चीवर दिसली, आणि मी लेकीला फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं, "तुझी गोधडी मी पुरी करतो. थंडीच्या आत!"

पलीकडून तिनं विचारलं,

"बाबा, तुम्हाला सुईत दोरा तरी ओवता येतो का?"

"अगं, पूल उभे केलेत मी!"

"पुलाला टाके नसतात, बाबा," लेक म्हणाली आणि फोन ठेवला. आवाज ओला होता. ही गेल्यापासून आमचे सगळे फोन असेच मध्येच संपत.

गोधडी हिनं लेकीसाठीच शिवायला घेतली होती. वरच्या थरात हिचे जुने कपडे आणि माझे कॉलर विरलेले शर्ट, मध्ये कापूस, खाली मऊ अस्तर. त्यावर हिनं निळ्या खडूनं पानांची वेल काढली होती आणि त्या रेघेवरून हातानं बारीक धावदोरा घालत निघाली होती. आजारपणात पलंगाला टेकून बसायची, तरी चार टाके घालायचीच. वेल मध्यापर्यंत आली आणि ही थांबली.

आणि खडू पुसत चालला होता! गोधडी उचलली की थोडा, घडी घातली की थोडा. वेल मला पुन्हा काढता आली असती, अगदी हुबेहूब. पण ती माझी रेघ झाली असती. हिच्या हातची शेवटची रेघ माझ्या शर्टाच्या बाहीला लागून वॉशिंग मशीनमध्ये चालली होती, आणि मी बघत बसलो होतो.

म्हणून सामान आणायला निघालो. हिचं नेहमीचं सुई-दोऱ्याचं दुकान सापडलं, पण तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकत होती.

"दोरा आहे?" मी विचारलं.

"कुठल्या फोनला?" दुकानातल्या मुलीनं विचारलं.

तिथून शिंप्याकडे गेलो. त्यानं मशीनचा दोरा दिला, तो कापसात शिरण्याआधीच तुटला. शेवटी गाद्या शिवणाऱ्यानं मला जवळ केलं. म्हणाला, "हा घ्या. यानं बांधलेली गादी माणसाच्या आधी फाटत नाही!" सोबत एक दाभण दिलं. दाभण कसलं, भालाच तो! बोटात घालायची टोपी मिळाली नाही, म्हणून मी औषधाच्या बाटलीचं झाकण घातलं. संध्याकाळपर्यंत झाकण शाबूत होतं आणि बाकीच्या बोटांची चाळण झाली होती. माझे टाके म्हणाल तर हिच्या टाक्यांशेजारी ते मुंग्यांच्या रांगेत घुसलेल्या झुरळांसारखे दिसत होते.

एकट्याचं काम नाही, हे कबूल करावं लागलं. कुणीतरी समोर बसून कापड ताणून धरायला हवं, चुकलं तर सांगायला हवं. मी आमच्या इमारतीच्या ग्रुपवर गोधडीचा फोटो टाकला आणि खाली सविस्तर संदेश लिहिला:

"पत्नी गेल्यापासून अर्धवट राहिले आहे. शांत स्वभावाची, हात स्थिर असलेली, रोज दुपारी सोबत बसू शकेल अशी अनुभवी बाई पाहिजे. चष्मा असल्यास हरकत नाही. स्वतःचे सामान असल्यास घेऊन यावे."

संदेश गेला. फोटो गेलाच नाही. हे मला कळलं असतं, तर ही कथा इथेच संपली असती!

पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. सगळ्यांची बित्तंबातमी ठेवतात, म्हणून ही त्यांना चौकशीखातं म्हणायची.

"अहो, इतक्या लवकर?" त्यांनी हळूच विचारलं.

"लवकरच करायला हवं! पुसत चाललंय सगळं."

"काय पुसत चाललंय?"

"तिची खूण हो! तेवढी तरी राहायला नको का?"

चौकशीखात्याचे डोळे भरून आले. त्यांनी माझा खांदा दाबला आणि जाऊन तो संदेश आपल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिला.

मग मेहुणीचा फोन आला. "भावजी, ताईच्या जागी दुसरी बाई?"

"तिच्या जागी कशी बसेल? ताईनं अर्धं सोडलंय, तेवढंच पुरं करायचं."

"संसार म्हणजे काय अर्धवट काम वाटलं का तुम्हाला?" ती कडाडली आणि फोन आपटला.

यात संसार कुठून आला, मला कळेना. माणसं गोधडीच्या बाबतीत फारच हळवी असतात, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोचावर गोधडी मांडीवर घेऊन बसलो होतो. बेल वाजली. "दार उघडंच आहे, या!" मी ओरडलो. आत आले एक टायवाले गृहस्थ, हातात बिस्किटांचा डबा, आणि त्यांच्यामागे माझ्याच वयाच्या एक बाई. गृहस्थ म्हणाले, "ही माझी बहीण. नर्स होती, आता निवृत्त आहे."

वा! टाके घालणारी बाई! मी स्वागताला उठलो. माझ्याबरोबर गोधडी उठली आणि गोधडीबरोबर पायजमा! गादीच्या दोऱ्यानं मी सकाळपासून दोन्ही एकत्र शिवत होतो.

मी धपकन खाली बसलो. "बसूनच बोलतो. उठता येत नाही."

"गुडघे?" भावानं विचारलं.

"पायजमा. बरं, सामान आणलंय का?"

"सामान? अहो, आधी बोलणी तर होऊ द्या!"

"बोलण्यात काय आहे? बाई, हात पुढे करा बघू. स्थिर आहेत का बघतो."

भाऊ टायसकट लाल झाला. बाईंनी मात्र निमूटपणे दोन्ही हात पुढे केले. ते थरथरत होते.

"पूर्वी नव्हते थरथरत," त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून सुरू झालं."

मी घाईनं विचारलं, "शिवता येतं?"

"बटणसुद्धा बाहेरून लावून आणते."

"मग आलात कशाला?"

"यानं आणलं," त्यांनी भावाकडे बोट दाखवलं. "म्हणतो, एकटी किती दिवस राहणार."

तेवढ्यात दार धाडकन उघडून लेक आली. चपला पायात, पर्स गळ्यात, डोळे सुजलेले.

"बाबा! आईला जाऊन अजून... आणि तुम्ही बाई बघताय?"

"बाई गोधडीसाठी गं! गोधडीसाठी!"

"ग्रुपवर गोधडीचा शब्द तरी आहे का?" तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. मी वाचलं. अनुभवी. रोज दुपारी. चष्मा असल्यास हरकत नाही. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं!

"म्हणजे हे लग्नाचं नव्हे?" भावानं विचारलं. बाई एकदम हसल्या. सुटका झाल्यासारख्या, तोंडावर हात ठेवून हसल्या.

मला मात्र कुठेतरी पळून जायचं होतं. मी सगळा जोर लावून उठलो आणि गोधडीचं टोक माझ्याच पायाखाली आलं. टर्रर्र! पायजमा वाचला. गादीचा दोरा तर केसभर हलला नाही. तुटला तो हिचा दोरा. वितीएवढी वेल, तिच्या हातची, उसवून लोंबायला लागली.

लेक खाली बसली आणि फरशीवर पडलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला लागली. एक एक करून मुठीत घेत होती. मी म्हणालो, "अगं, मी मुद्दाम नाही..."

तिनं कात्रीनं गोधडी पायजम्यापासून सोडवली आणि उचलून खिडकीशी धरली. बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, आईची भोकं दिसतायत."

खरंच दिसत होती. उजेडात, टाचणीच्या टोकाएवढी, एकीमागे एक.

"बारीक सुई द्या," ती म्हणाली. हिच्या डब्यातली एक सुई होती. लेकीनं दोरा ओवला आणि आईच्या पहिल्या भोकातून सुई घातली, दुसऱ्यातून वर काढली. शिवणकाम तिला कधीच आवडलं नव्हतं. आता मात्र आईनं बोट धरून चालवावं तशी सुई चालली होती. ती रडत होती, पण टाका चुकत नव्हता.

बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि समोर बसून गोधडीची कड दोन्ही हातांनी धरली. गोधडीच्या वजनाखाली त्यांचे हात गप्प झाले. भाऊ थोडा वेळ उभा राहिला, मग त्यानं स्वतःच डबा उघडला आणि आपलीच बिस्किटं खाल्ली.

बाई पुढेही येत राहिल्या. लग्नाचं पुन्हा कुणी काढलं नाही. त्या कड धरायच्या, त्यांच्या ह्यांच्याबद्दल बोलायच्या. मी हिच्याबद्दल बोलायचो. लेक जमेल तेव्हा यायची. तरी खडू आमच्यापेक्षा चपळ निघाला. शेवटची काही पानं पुसली गेलीच. ती मी काढली. ती पानं पुलाच्या कमानींसारखी दिसतात, हे लेकीनं सांगितलं. बाईंनी सांगितलं नाही.

थंडी पडली, गोधडी लेकीच्या घरी गेली. परवा सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, तुमच्या टाक्यात ह्याच्या पायाचा अंगठा अडकलाय! निघतच नाही. कापू का?"

"खबरदार! मी येतो सोडवायला!"

मागून जावयाचं ओरडणं ऐकू येत होतं आणि लेक हसत होती. कितीतरी दिवसांनी ती फोनवर हसत होती. मीही हसत फोन ठेवला आणि तसाच आतल्या खोलीत गेलो. "अगं, ऐकलंस का, जावयाचा अंगठा..."

पलंगावरची चादर ताठ होती. एक सुरकुती नव्हती.

मग, मी सुई घ्यायलाच आत आलो होतो, असं स्वतःला सांगितलं आणि सुई शोधायला लागलो. सुई बाहेर टेबलावर होती, हे मला चांगलं माहीत होतं.