बिल्ल्याशिवाय पाना मिळणार नाही

भगवानरावांनी विष्णुपुरीला एका कॉलेजच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि तेवढ्या काळात साधा वॉशरसुद्धा हरवू दिला नाही. (असं ते स्वतः सांगतात. दुसरं कुणी सांगताना अजून ऐकलेलं नाही.) रिटायर होऊन ते नायगावजवळ आपल्या शेतात राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं, की इथं वस्तूला घर म्हणून नाही. विळा बांधावर, खुरपं चिंचेच्या बुडाशी, पक्कड पाण्याच्या मोटारीवर, आणि पहार कुठं आहे म्हणून विचारलं तर "आसंल तिकडं" एवढंच उत्तर. त्यांच्या बायकोला, धुरपताबाईंना, यात काही वावगं वाटत नव्हतं. लागलं की शोधायचं आणि सापडलं की वापरायचं, असा त्यांचा इतक्या वर्षांचा दस्तूर होता आणि शेत काही ओस पडलं नव्हतं.

भगवानरावांनी फळी करायचं ठरवलं. पातळ प्लाय आणला, खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या हत्याराची आकृती काळ्या रंगानं काढली आणि फळी गोठ्याच्या भिंतीला बोल्टांनी आवळली. भिंत दगडामातीची, पोट सुटलेली. त्यामुळं फळी खालच्या कोपऱ्यात डुगडुगायला लागली, तेव्हा मागं तात्पुरतं काहीतरी अडकवून त्यांनी तिला गप्प केलं. मग बिल्ले झाले. बाटल्यांची पत्र्याची झाकणं ठोकून सपाट केली, भोकं पाडली, नावं घातली. एक धुरपताबाईंचा, एक सुनेचा, म्हणजे राजकन्येचा. हत्यार न्यायचं तर त्याच्या खिळ्याला आपला बिल्ला लावायचा, परत आणलं की काढून घ्यायचा. वर पाटी लावली: "बिल्ल्याशिवाय पाना मिळणार नाही." स्वतःला मात्र बिल्ला केला नाही. स्टोअरकीपरला बिल्ला नसतो.

तिसऱ्याच दिवशी बांधशेजारी शिवप्पा एकोणीस नंबरचा पाना मागायला आला. भगवानराव खाटेवरून उठले नाहीत, नुसतं पाटीकडं बोट केलं. शिवप्पानं पाटी दोनदा वाचली. बिल्ला कुठं मिळतो म्हणून विचारलं. तो फक्त घरच्या माणसांना मिळतो, हे ऐकून घेतलं आणि चपला झटकून निघून गेला. भगवानरावांना त्या दिवशी भाकर जरा जास्तच गोड लागली.

मग हरभऱ्याची पेरणी आली. रानात ओल होती, पण ऊन असं पडून राहिलं होतं की आणखी दोन दिवस गेले असते तर बी कोरड्यात पडलं असतं. रामलिंगचा ट्रॅक्टर मोठ्या मिनतवारीनं मिळाला, तोही दुपारी बारापर्यंत. त्यानं एक फेर मारला आणि थांबला. पेरणी यंत्राचे फण ढिले झालेत, म्हणाला, एकोणीसचा पाना द्या. स्वतःची हत्यारांची पेटी त्यानं घरीच ठेवली होती. भगवानरावांकडं एवढी फळी असताना आपण कशाला ओझं वागवावं, असा त्याचा विचार.

भगवानराव ऐटीत फळीपाशी गेले. एकोणीसचा खिळा रिकामा होता. पाना नव्हता आणि बिल्लाही नव्हता.

"म्हणजे कुणीच नेला न्हाई," ते म्हणाले. सिस्टीम तरी तसंच सांगत होती.

धुरपताबाईंनी आपला बिल्ला पुढं केला. राजकन्येनं पदराची गाठ सोडून आपला दाखवला. मग धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या, "अवं, घरात बिनबिल्ल्याचं माणूस एकच हाय."

हे आपल्याला ऐकू आलं नाही, असं भगवानरावांनी ठरवून टाकलं. त्यांचा संशय शिवप्पावर होता. बांधावर जाऊन त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी करत आडून विचारलं. शिवप्पाला आडून विचारलेलं सरळ कळतं.

"तुमी दिलाच न्हाई, मंग म्या नेला कसा? फळीला इचारा की."

माणूस धाडून नायगावहून नवा आणावा, असं सुनेनं सुचवलं. पण नवा आणायचा म्हणजे जुना हरवला हे कबूल करायचं, आणि एकतीस वर्षांची अब्रू हरभऱ्यावरून घालवायला ते तयार नव्हते. डीजेच्या फुटक्या स्पीकरातलं भाकरीएवढं लोहचुंबक माळ्यावर पडलं होतं. ते त्यांनी दोरीला बांधलं आणि रानातून ओढत निघाले. रामलिंग लिंबाखाली आडवा झाला.

चुंबकानं काम चोख केलं. बैलांचे तीन नाल आले, मूठभर खिळे आले, बिनदांड्याचं खुरपं आलं. सात वर्षांमागं हरवलेली सांडशी आली, जिच्यापायी धुरपताबाई अजून धाकट्या जावेशी बोलत नव्हत्या. (त्यांनी ती बघितली आणि गुपचूप पदराखाली घेतली.) पाना तेवढा आला नाही. साडेअकराला भगवानराव घामानं निथळत गोठ्यात परतले आणि वैतागून चुंबक भिंतीकडं भिरकावलं. ते फळीच्या खालच्या कोपऱ्यावर टप्पकन बसलं आणि तिथंच राहिलं. त्या जागी ना खिळा होता, ना बोल्ट.

राजकन्या म्हणाली, "मामा, फळी लाकडाची हाय ना? मंग ते चिकटलं कामून?"

धुरपताबाईंनी फळीमागं हात घातला आणि एकोणीस नंबरचा पाना ओढून काढला. फळी लगेच डुगडुगायला लागली. बोल्ट आवळून झाल्यावर जे हातात होतं, तेच भगवानरावांनी तिथं अडकवलं होतं. त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्यांपर्यंत. धुरपताबाईंनी पाना पदरानं पुसला आणि लिंबाखाली रामलिंगला नेऊन दिला.

हरभरा पेरून झाला. रामलिंगला पुढच्या शेतात जायला उशीर झाला आणि तो का झाला हे त्यानं तिथं सविस्तर सांगितलं. दिवस मावळायच्या आत ते गावभर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिवप्पा आला. हातात बाभळीची तासलेली पाचर, तिच्यावर कोळशानं स्वतःचं नाव.

"बिल्ला आणलाय," तो म्हणाला. "फळीमागं लावा आन् पाना द्या."

भगवानरावांनी मुकाट्यानं पाना दिला. पाचर अशी नेमकी बसली की माप घेऊन केल्यासारखी.

आता फळी तसूभर हलत नाही. अडचण एवढीच, की पाना परत घ्यायचा तर शिवप्पाचा बिल्ला परत द्यावा लागतो, आणि बिल्ला दिला की फळी डुगडुगते. म्हणून पाना शिवप्पाकडंच असतो. भगवानरावांना लागला की ते बांध ओलांडून मागायला जातात. शिवप्पा कधी नाही म्हणत नाही, फक्त आधी बिल्ला मागतो. स्टोअरकीपरला बिल्ला नसतो, म्हणून ते निघताना बायकोचा मागून नेतात.