उरेब काप

माणसाचं पोट फाडायचं आणि कुठून फाडणार हे त्यालाच सांगायचं नाही, ही मुजोरी तुम्हाला शिकवली कोणी, साहेब? सही घेतलीत, अंगठी उतरवलीत, घोटभर पाणीही बंद केलंत. छेदाचं विचारलं की मात्र 'ते आमच्यावर सोडा'!

शिंपीमास्तरांना ते सोडवेना. उभा जन्म कापड बेतण्यात गेलेला, आता पित्ताशयातले खडे जिवावर बेतलेले. दुर्बिणीने जमणार नाही, पोट उघडावं लागेल, एवढंच कळलं होतं. सकाळी सर्जन आले, उजव्या बरगडीखाली पेनाने तिरकी रेघ ओढली.

"साहेब, उरेब का? सरळ उभं का नाही कापत?"

"नंतर बोलू." साहेब गेलेसुद्धा.

तेवढ्यात बायको ओला टॉवेल घेऊन आली. "शी! शाई कसली फासून घेतलीत?" मास्तर 'अगं अगं' करेपर्यंत पोट लख्ख.

"अगं, ती खूण होती! आता अंदाजाने कापतील मला!"

"मग काढा तुम्हीच. जन्मभर दुसरं केलंत काय?" तिने पर्समधलं पेन पुढे केलं.

मास्तर बाथरूमच्या आरशापुढे उभे राहिले. समोरच्या गिऱ्हाइकाचं उजवं आपल्या डाव्या हाताला, हे त्यांच्या हाडीमासी मुरलेलं. आरशातल्या गिऱ्हाइकावर त्यांनी त्याच हिशेबाने झोकदार रेघ ओढली.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सर्जनांनी चादर उचलली. "रेघ डावीकडे? कोणी काढली ही?"

सिस्टरने धाकट्या डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी छताकडे. "सर... सकाळी तुम्हीच काढलीत ना?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तरांना राहवेना. "मी काढली. आधीची हिने पुसली."

"अहो, तुम्हाला उजवं-डावं कळत नाही?"

"कळतं की! समोरच्याचं उजवं माझ्या डाव्या हाताला."

साहेबांच्या जिवात जीव आला. हसतच ते स्टूल ओढून बसले. "ऐका. पित्ताशय उजवीकडे, यकृताखाली दडलेलं. बरगडीच्या कडेने तिरकं कापलं की ते आणि पित्तनळी नीट हाताशी येते. उभं कापूनही करतात, पण तुमच्या अंगलटीला हेच बरं."

"एवढंच? मग सकाळी काय दातखीळ बसली होती?" मास्तर पुटपुटले. साहेबांनी ऐकलं नाही, निदान तसं दाखवलं. डावी रेघ पुसून, पेन सरसावत ते मास्तरांसमोर येऊन उभे राहिले.

मास्तर ताडकन उठून बसले आणि त्यांनी साहेबांचं मनगटच धरलं.

"थांबा! आता तुम्ही माझ्या समोर आहात. आधी सांगा, माझं उजवं तुमच्या कुठल्या हाताला?"