कंबर बघायला साहेब येतात

पाहुणा येणार म्हटलं की वहिनींच्या अंगात येतं. मग तो पाहुणा जावई असो, नाहीतर विमा कंपनीचा माणूस.

भाऊ कापडाच्या दुकानात तागे काढून दाखवायचं काम करायचे. महिन्यापूर्वी एका टेम्पोने त्यांच्या स्कूटरला मागून उडवलं आणि कंबर कामातून गेली. पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काम बंद, पगार बंद. आता नुकसानभरपाई मिळाली तरच चूल पेटणार होती, आणि आज ती कंबर बघायला विमा कंपनीचे साहेब येणार होते. (भाऊंकडे इतक्या काळजीने लग्न ठरवतानाही कुणी बघितलं नव्हतं.)

"नुसतं पडून राहायचं आणि कण्हायचं," वकील मेहुण्याने पढवून ठेवलं होतं.

पण वहिनींनी सकाळीच गादी उन्हात टाकली, भाऊंचा कंबरपट्टा धुऊन गॅलरीत वाळत घातला, काठी माळ्यावर सारली आणि भाऊंना दाढी करायला लावून इस्त्रीचा शर्ट चढवला.

"अगं, मी आजारी दिसायला हवंय!"

"आणि माझं काय? बायको काही बघत नाही म्हणतील!"

फरशी तर त्यांनी साबणाने दोनदा पुसली. साहेब आत आले आणि नमस्कार करता करताच आडवे झाले. घोटा टम्म सुजला.

दारात आलेला माणूस विव्हळतोय हे भाऊंना कसं बघवणार?

"अहो, तुम्ही नका उचलू!" वहिनी किंचाळल्या. तोवर साहेब भाऊंच्या पाठुंगळीला होते. दोन जिने उतरून भाऊंनी त्यांना टॅक्सीत बसवलं, आणि मग कंबरेत अशी कळ आली की ते तिथेच काटकोनात अडकले. सरळ काही होता येईना.

साहेबांचे डोळे पाणावले. "तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

"विसरा हो साहेब," भाऊ रस्त्याकडे बघत कळवळले. "निदान रिपोर्ट लिहून होईपर्यंत तरी विसरा!"

"छे! मी काय इतका कृतघ्न आहे? सगळ्यात वर हेच लिहितो."

टॅक्सी निघून गेली. भाऊ तसेच उभे, म्हणजे वाकलेले.

वरून गॅलरीतून वहिनींची हाक आली, "अहो, वाकलाच आहात तर तेवढा पट्टा उचलून आणा, वाऱ्याने खाली पडलाय!"