बारा चकत्या आणि एक आरसा

चकत्यांवर आकडे कोरायचं काम बाबांना सांगितलं, ही चूक मुलीचीच होती. पुढे तिने ती कबूलही केली. पण त्या संध्याकाळी ती कबुलीच्या मनःस्थितीत नव्हती.

चकत्या टायटॅनियमच्या, शर्टाच्या बटणाएवढ्या, मोजून बारा. पडलेल्या दाताच्या जागी जबड्यात जो स्क्रू बसवतात, त्याच धातूच्या. हा धातू खरखरीत असला की हाड त्याला घट्ट धरतं. पण मग तोंडातले बॅक्टेरियाही तिथेच बिऱ्हाड करतात का, आणि कोणत्या खरखरीतपणावर जास्त, हा तिच्या प्रबंधाचा विषय. सहा चकत्यांवर तिने बारीक वाळूचा मारा केला होता, सहा आम्लात बुडवल्या होत्या. त्यात चार महिने गेले. पुढच्या शुक्रवारी समितीपुढे आकडे ठेवले नाहीत, तर आणखी एक वर्ष वाढणार होतं.

बाबा साचे पॉलिश करणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे सगळे त्यांना 'आरसा' म्हणत. सकाळी त्यांनी डोळ्याला भिंग लावून प्रत्येक चकतीच्या पाठीवर छापल्यासारखा सुबक आकडा कोरला. मग चकती उलटी करून पाहिली. तिथेच घात झाला. संध्याकाळी मुलगी घरी आली, तेव्हा बाराही चकत्या टेबलावर लखलखत होत्या, शेजारी पॉलिशची छोटी मोटर होती आणि बाबा शाबासकीची वाट पाहत होते.

"कुणीतरी अगदी अर्धवट सोडल्या होत्या गं," ते म्हणाले. "वाळूच्या खुणा तशाच. मलाच लाज वाटली."

"ते कुणीतरी म्हणजे मी, बाबा."

आईने स्वयंपाकघरातून सांगितलं, की तिला यात काहीच नवल वाटत नाही. मागे यांनी किसणी अशी घासली होती, की गाजर तिच्यावरून नुसतं घसरायचं.

मुलगी आतल्या खोलीत जाऊन पुरवठादाराला फोन लावत बसली. नव्या चकत्यांना दोन महिने लागतील, असं कळलं. ती डोकं धरून बाहेर आली, तर बाबांनी तेवढ्या वेळात प्रायश्चित्त म्हणून सहा चकत्या जाड पॉलिशपेपरवर घासून परत खरखरीत केल्या होत्या. नांगरलेल्या शेतासारख्या सरळ रेघा उठल्या होत्या.

"बाबा, आता कशालाही हात लावायचा नाही. चष्म्यालासुद्धा नाही."

बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिने त्याच चकत्या निर्जंतुक केल्या आणि बॅक्टेरियांच्या हवाली केल्या. रेघांच्या चकत्यांवर बॅक्टेरियांनी खाचाखाचांतून दाटीवाटीने मुक्काम ठोकला. लखलखीत चकत्यांवर मात्र ते इतके कमी दिसले, की तिने स्वतःवरच संशय घेऊन तीनदा मोजले.

शुक्रवारी मार्गदर्शक मॅडमनी आकडे पाहिले आणि हे पॉलिश कोणत्या प्रयोगशाळेतून करून घेतलं, असं विचारलं. तिने खरं काय ते सांगितलं. दोन वर्षांत न हसलेल्या मॅडम हसल्या आणि कृती लेखी मागितली: वेळ, दाब, सगळं.

मुलगी वही घेऊन बाबांसमोर बसली.

"एक चकती किती वेळ घासली?"

"तिच्यात स्वतःच्या नाकातला केस दिसेपर्यंत."

"आणि दाब?"

"लागतो तेवढा."

तिने दोन्ही उत्तरं लिहिली आणि खोडली. शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा बाबांच्या हाताखाली सरकवला, घड्याळ लावलं आणि त्यांच्याकडून एक जुनं नाणं घासून घेतलं. आकडे मिळाले.

पण मॅडमचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. इतक्या गुळगुळीत धातूला हाड धरणार नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं. म्हणून आता चाळीस खरे स्क्रू घ्यायचे. हाडात जाणारा भाग खरखरीत ठेवायचा; हिरडीजवळची मान तेवढी पॉलिश करायची, तीही त्याच हाताने. एवढं झालं, तर वाढीव वर्षाचा विषय संपला.

तिने स्क्रूंचा डबा घरी आणला. प्रत्येक स्क्रूवर मार्करने रेघ मारली. रेघेच्या वर घासायचं, खाली बोट लावायचं नाही, असं दोनदा बजावलं. बाबांनी भिंग लावलं, एक स्क्रू फिरवून फिरवून पाहिला आणि डबा हळूच तिच्याकडे सरकवला.

"अर्धवट काम या हातून बाहेर जात नाही, बाळा. करायचं तर पूर्ण."

स्वयंपाकघरात आईने किसणी कपाटात टाकून कुलूप लावल्याचा आवाज आला.